सनदेखालचा तंबोरा

जुन्या घरांतून वस्तू जशा वारशाने येतात, तशा त्यांच्या कथाही येतात. परंतु वाटणीच्या वेळी वस्तूंची जशी यादी होते, तशी कथांची होत नाही. पितळी समई कोणाकडे गेली हे कागदावर राहते. ती कोणी आणि कोठून आणली, हे मात्र सांगणाऱ्याच्या स्मरणावर सोपवलेले असते. स्मरण हे मोठे प्रेमळ पण बेभरवशाचे खाते होय. त्यात मुद्दल थोडे असते आणि व्याजच फार चढते. दोन पिढ्या लोटल्या म्हणजे मुद्दल किती होते हे सांगणारेही कोणी उरत नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरातील तंबोऱ्याचे असेच झाले होते. यादोगोपाळ पेठेतील त्या वाड्याच्या माजघरात एका भिंतीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या वेळची एक सनद चौकटीत घालून टांगलेली आहे. तिच्या खाली, शिसवी कपाटाच्या काचेआड, सुमारे पाच फूट लांबीचा एक जुना तंबोरा उभा असे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास प्रथम सनद आणि मग तंबोरा दाखविण्याचा परिपाठ होता. ‘ही महाराजांनी दिलेली सनद, आणि हा महाराजांनी दिलेला तंबोरा’, असे एका दमात सांगितले जाई. एका दमात सांगितल्यामुळे दोन्ही विधाने एकमेकांचा हात धरून उभी राहत, आणि त्यांना वेगवेगळे करून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

राजाने दिलेला म्हणून तंबोरा कोणी वाजवीत नसे. ‘राजाची वस्तू जपावयाची असते, वापरावयाची नसते’, असे आमचे थोरले काका म्हणत. त्याच माजघरात माझी पुतणी रोज पहाटे गाण्याची मेहनत करी, आणि तिच्यासमोर विजेच्या एका लहानशा पेटीतून तंबोऱ्याचा आवाज निघत असे. काचेआड खरा तंबोरा मुका उभा आणि काचेबाहेर पेटी बोलते आहे, हा देखावा घरातील सर्वांच्या इतका अंगवळणी पडला होता, की त्यातली विसंगती पाहुण्यांनाच काय ती दिसे.

वाड्याची वाटणी करण्याचे ठरले तेव्हा मात्र हा प्रश्न टाळता येईना. एका भावाचे म्हणणे, राजदत्त वस्तू एखाद्या वस्तुसंग्रहालयास द्यावी. दुसऱ्याचे म्हणणे, ती पुण्याच्या नव्या घरात दिवाणखान्यात ठेवावी. पुतणीने काही मागितले नाही; परंतु तिच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एवढेच विचारले, ‘तो महाराजांचा नसेल तर वाजवायला मिळेल का?’ थोरले काका बराच वेळ गप्प बसले. शेवटी ते म्हणाले, ‘आधी तो कोणाचा आहे ते नक्की करा. मग कोणाला द्यायचा ते बघू.’ त्यांचे वय त्र्याऐंशी. राजाची कथा त्यांनीच आम्हांस लहानपणी सांगितली होती; आणि ती तपासावी असे त्यांनीच म्हणावे, यात त्यांचा मोठेपणा होता.

तपासाची पहिली पायरी घरातच होती. सनद मोडीत आहे. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ती अक्षरशः वाचून घेतली. तीत जमीन आहे, तिच्या चतुःसीमा आहेत, वंशपरंपरेने उपभोग घ्यावा असे आहे; तंबोऱ्याचा मात्र उल्लेख नाही. अर्थात उल्लेख नाही एवढ्याने भेट दिलीच नाही असे ठरत नाही. महाराजांनी गुणिजनांस वस्तू दिल्या असतील, आणि प्रत्येक वस्तूची काही सनद होत नसते. परंतु कालाची एक सीमा तरी निश्चित झाली. इंग्रजांनी 1839 साली प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस धाडले, आणि 1847 साली तेथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे तंबोरा त्यांच्या हातचा असेल, तर तो 1839 पूर्वी घडलेला असला पाहिजे. पुढच्या सर्व तपासाला हा एकच आकडा पुरेसा होता.

घरात दुसरीही एक समजूत होती, ती म्हणजे हा तंबोरा तंजावरच्या भोसल्यांकडून साताऱ्यास आला. ती मात्र फार वेळ टिकली नाही. तंजावरी तंबोऱ्याचा खालचा घट बहुधा फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो. आमच्या तंबोऱ्याचा घट भोपळ्याचा आहे, हे काचेतूनही दिसत होते. भोपळ्याचा तंबोरा आणि तोही दक्षिण महाराष्ट्रात, असे म्हटले की ज्या गावाचे नाव प्रथम ओठांवर येते तिकडेच जावयाचे ठरले. ते गाव म्हणजे मिरज.

सातारचे स्टेशन गावापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. जुन्या रजईत गुंडाळलेला तंबोरा घेऊन मी आणि माझी पुतणी सकाळच्या गाडीत बसलो. बरोबर एक लहान लाकडी पेटीही होती. ती माझ्या दिवंगत चुलत्यांचा ‘बँजो’ होय. तिचे पुढे सांगेन. गाडीतील माणसे आमच्या गाठोड्याकडे कौतुकाने पाहत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी तर आपली पिशवी पायांशी घेऊन बाकावर त्याला जागा करून दिली आणि ‘हळू ठेवा हो, बाळ झोपल्यावानी’ असे सांगितले.

सातारा ते मिरज हा लोहमार्ग म्हणजे कृष्णामाईची सोबतच म्हणावयाची. क्षेत्र माहुलीस कृष्णा-वेण्णेचा संगम, कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा आणि सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणेचा; तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात हे तीन संगम मागे पडतात. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर करीत गाडी कऱ्हाडास येते. तेथपर्यंत डोंगर डोळ्यांआड होत नाहीत. पुढे शेणोली सोडल्यावर मुलूख सपाट आणि काळा होत जातो, आणि दोन्ही अंगांस उसाचे मळे लागतात. किर्लोस्करवाडीचे स्टेशन आले तेव्हा मी पुतणीला सांगितले, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली या माळावर नांगरांचा कारखाना आणला, आणि 1920 साली येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. ती म्हणाली, ‘म्हणजे नांगर आणि मासिक एकाच माळावर!’ मला वाटले, या प्रदेशाचे वर्णन याहून थोडक्यात करता येणार नाही. हात चालविणारे आणि अक्षरे चालविणारे येथे फार दूर राहत नसत.

भिलवडी, माधवनगर अशी स्टेशने मागे टाकून आम्ही सांगलीस उतरलो. तेथे आमच्या आत्या राहतात. त्यांचे वय शहाऐंशी, दृष्टी मंद, पण वाणी खणखणीत. दुपारी त्यांच्याकडे भोजन करून संस्थानच्या गणपतीचे दर्शन घेतले. 1801 च्या सुमारास पटवर्धनांच्या घराण्यात वाटणी होऊन चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून निघाले आणि त्यांनी सांगलीस आपली गादी स्थापन केली. त्याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. एका वाटणीमुळे महाराष्ट्रास एक नगर मिळाले आणि त्या नगराने नाटक दिले. घराच्या वाटणीच्या कामाने निघालेल्या माणसाला यात थोडे समाधान वाटल्याशिवाय राहिले नाही.

सांगलीहून मिरज अडीच कोस. परंतु दोन्ही गावांच्या स्वभावांत केवढे तरी अंतर आहे. सांगली पेठेचे गाव. तेथे हळद, गूळ आणि वायदे यांचे बोलणे चालते. मिरज जुने, किल्ल्याचे आणि दर्ग्याचे गाव. बाहेरच्या लोकांना ते दोन गोष्टींसाठी ठाऊक असते. एक तेथील दवाखाने, कारण डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली तेथे मिशनचे इस्पितळ उघडले आणि पुढे ते साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचे आशास्थान झाले. दुसरे म्हणजे गाणे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती रुजविण्याचे पुष्कळसे कार्य मिरजेस घडले. कुरुंदवाडास 1872 साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टीस अधू झाले आणि मिरजेस बुवांपाशी राहून गाणे शिकले. 1896 साली तेच मिरजेतून बाहेर पडले आणि 1901 साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर या गावचेच झाले. 1937 साली मद्रासकडील एका लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेविला, तेव्हा त्यांचे शव मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. आजही तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई येऊन गातात.

परंतु गवई एकटा येत नाही; त्याच्याबरोबर त्याचे वाद्य येते, आणि बैलगाडीच्या प्रवासात वाद्याचे जे काही व्हावयाचे ते होते. मिरजेच्या धंद्याचा उगम याच अडचणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या दरबारी येणाऱ्या कलावंतांचे तंबोरे व सतारी नादुरुस्त झाल्या म्हणजे त्या नीट करणारे जवळपास कोणी नसे. संस्थानात शिकलगारांची घरे होती. तलवारी व भाले यांस धार लावणे, पाणी देणे, मुठी बसविणे हे त्यांचे काम. इंग्रजी अंमल बसल्यावर तलवारींचे काम उरले नाही. त्या घरांपैकी फरीदसाहेब नावाच्या कुशल कारागिराने वाद्यदुरुस्ती हाती घेतली, संस्थानिकांनी उत्तेजन दिले, आणि दुरुस्तीतून नवी वाद्ये घडू लागली, अशी मिरजेची परंपरा सांगते. शिकलगार हे आडनाव जाऊन ‘सतारमेकर’ हे आडनाव आले, आणि गल्लीचे नावही तेच झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दीडशे वर्षांहून जुन्या परंपरेस उद्देशून. शस्त्राला धार लावणारे हात स्वराला धार लावू लागले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ज्याच्या घरची तलवार बंद पडली त्याला प्रथम पोटाची चिंता होती, हेही विसरू नये.

येथेच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. मिरजेत तंबोरे घडू लागले ते 1850 च्या सुमारास. आमचा तंबोरा मिरजेचा ठरला, तर तो 1839 पूर्वीचा असणे शक्य नाही, आणि महाराजांचाही नाही.

सतारमेकर गल्लीत शिरताच नाकाला ओल्या सरसाचा व लाखेच्या रोगणाचा वास येतो. ओट्यांवर वाळलेले भोपळे ढिगाने रचलेले असतात. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. ते खाण्याचे नव्हेत, कडू जातीचे. वेलावर पुरते पिकवून, उन्हात वाळवून, आतील बी खडखडू लागल्यावर ते मिरजेस धाडतात. कारागीर तो भिजवून कापतो, आतील गर व बी काढतो, हव्या त्या आकारास आणण्यासाठी आतून काठ्यांचा ताण देतो आणि पुन्हा वाळवितो. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, त्यापुढे पोकळ दांडी, समोर पातळ तबली, आणि तबलीवर घोडी. घोडीचा पृष्ठभाग घासून जो सूक्ष्म उतार देतात त्याला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकविला की तार घोडीला पुनःपुन्हा निसटता स्पर्श करते, आणि एका स्वरातून अनेक स्वरांची गुंजारव उठते. सारे काही मापाने करता येते. जवारी मात्र कानाने करावी लागते.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते कारागीर सत्तरीच्या घरातले होते. त्यांनी रजई सोडली, तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि कितीतरी वेळ काही न बोलता त्यावरून हात फिरविला. मग विचारले, ‘हा किती दिवस बंद होता, साहेब?’

‘पन्नास वर्षे तरी,’ मी म्हणालो.

‘म्हणून तबली दबली आहे. वाजता राहिला असता तर एवढी दबली नसती. लाकडालाही सवय लागते, नसण्याची सुद्धा.’

आम्ही राजाची गोष्ट त्यांना मुद्दामच सांगितली नव्हती. भोपळ्यास दांडी जेथे मिळते तेथील कोरलेल्या पानांची वळणे, दांडीची गोलाई, खुंट्यांची बैठक हे सर्व पाहून ते म्हणाले, ‘काम आमच्याच गल्लीचे. कोणत्या घरातले ते नाव घेऊन सांगणार नाही, पण पाने मिरजेची.’ मग तबलीच्या कडेने बसविलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवले. आमच्या घरी ती पट्टी हस्तिदंती म्हणून प्रसिद्ध होती. त्यांनी पुतणीला सांगितले, ‘ताई, अंगठ्याने जोरात घासा. गरम होईपर्यंत. आता वास घ्या.’

पुतणीने वास घेतला आणि ती चकित होऊन म्हणाली, ‘कापूर!’

‘हस्तिदंताला वास नसतो,’ ते म्हणाले, ‘हे सेल्युलॉइड आहे.’

सेल्युलॉइड हा पदार्थ अमेरिकेत 1870 च्या सुमारास प्रचारात आला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत महाग पडू लागले, म्हणून त्याच्या ऐवजी काही तरी शोधताना तो सिद्ध झाला. आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर हे त्याचे मुख्य घटक. म्हणून शंभर वर्षांनंतरही घासले असता त्याला कापराचा गंध येतो. खऱ्या हस्तिदंतात तिरकस जाळीसारख्या रेषा दिसतात, त्या येथे नव्हत्या. ज्या कापराचा वास आम्ही रोज आरतीच्या वेळी घेत होतो, तोच चार हातांवर कपाटात कोंडलेला होता.

तथापि पट्टी मागाहून बदललेली असू शकते. निर्णय व्हावयाचा तर तबली उघडणे प्राप्त होते, आणि दुरुस्तीसाठीही ती उघडावी लागणारच होती. मात्र सांधा एकदा उघडला की वस्तू ‘जशीच्या तशी’ राहिली असे म्हणता येणार नाही. संग्रहालयाचा पक्ष कायमचा हरणार होता. मी तेथूनच साताऱ्यास दूरध्वनी केला. काकांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘उघडल्यावर पुन्हा वाजेल का?’ कारागीर जवळच होते. ते म्हणाले, ‘वाजण्यासाठीच उघडायचा.’ काका म्हणाले, ‘मग उघडा.’

पातळ सुरी गरम करून त्यांनी सरसाचा सांधा बोट बोट सोडवीत नेला. काम चालू असता त्यांनी दाखविले, की सरसाचा थर सर्वत्र एकच आहे. म्हणजे तबली घडविल्यानंतर प्रथमच उघडली जात होती. तासाभराने ती सुटली. भोपळ्याच्या आत, गळ्याच्या बाजूस, एक बारीक तडा होता, आणि त्यावर आतून जुन्या कागदाची पट्टी चिकटविलेली होती. ‘नव्या भोपळ्यात असा तडा निघाला की आतून कापड नाही तर कागद लावतात आणि मगच तबली बसवतात,’ ते म्हणाले. कागद मोडीत होता, कोणा व्यापाऱ्याच्या वहीचा. त्याचे छायाचित्र सातारच्या मोडीवाचकांस पाठविले. तासाभरात उत्तर आले: गुळाच्या ढेपांचा हिशेब, आणि खाली ‘मिरज ते कोल्हापूर आगगाडीचे हाशील’.

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग 1891 साली सुरू झाला. तबली कधीच उघडली नव्हती, तेव्हा हा कागद घडविणाऱ्यानेच आत लावला. आणि तो आगगाडीनंतरचा असल्यामुळे तंबोराही 1891 नंतरचाच. राजाचा तंबोरा एका गुळाच्या हिशेबाने प्रजेचा ठरला.

लाकडी पेटीतील ‘बँजो’ पाहून कारागीर हसले. फळीवर तारा, त्यांवर यंत्रलेखकासारख्या दाबावयाच्या कळा, कळांवर आकडे. असे वाद्य महाराष्ट्रात मिरवणुकीत नेहमी दिसते. आमचे चुलते ते गणेशोत्सवात वाजवीत, आणि गोऱ्या सोल्जरांच्या वाद्याचा हा अवतार म्हणून घरात त्याकडे जरा कमीपणाने पाहिले जाई. खरे पाहता याचे कूळ जपानी आहे. नागोया शहरातील गोरो मोरिता याने 1912 साली तायशोगोतो नावाचे कळांचे वाद्य रचले, ते हिंदुस्थानात येऊन ‘बुलबुलतरंग’ झाले, आणि आपल्याकडे लोक त्याला बँजो म्हणू लागले. नाव तेवढे अमेरिकेचे. आणि त्या अमेरिकन बँजोचा तरी जन्म कोठला? आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी वेस्ट इंडीज बेटांत व अमेरिकेत भोपळ्यावर कातडे ताणून, त्याला दांडी जोडून, मायदेशातील वाद्यांच्या आठवणीने ते घडविले. म्हणजे तेथेही मुळाशी भोपळाच. सर्वस्व हिरावलेल्या माणसांनी स्वतःची म्हणून जी वस्तू घडविली, तिचे नाव आमच्या माजघरात जपानी फळीला चिकटून पोहोचले होते. काचेआडच्या तंबोऱ्यास जो मान होता तो, वंशावळच पाहावयाची झाली तर, या पेटीस नाकारण्याचे काहीच कारण नव्हते.

तंबोरा कोठला हे कळले. पण तो आमच्या घरी कसा आला? सायंकाळी सांगलीस परतल्यावर आत्यांना सर्व हकीकत सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. ‘आगगाडीनंतरचा’ हे शब्द ऐकताच त्या म्हणाल्या, ‘मग तो आजीचा. तिचे माहेर मिरजेचे.’

आम्ही दोघे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्या म्हणाल्या, ‘तिचे वडील हरिदास होते, कीर्तन करायचे. मुलगा नव्हता. ते गेले तेव्हा घर दुसऱ्यांकडे गेले. हिने एवढेच मागितले, तंबोरा मला द्या. मग तो साताऱ्याला आला. ती वाजवायची नाही, बायकांनी कुठे वाजवायचा त्या वेळी! पण एकादशीला पुसायची, आणि तारेवर एकदा बोट फिरवायची. मी लहान होते, मला आठवते.’

‘आणि महाराजांची गोष्ट?’ पुतणीने विचारले.

‘ती गेल्यावर कोणी तरी उचलून सनदेखाली ठेवला. दुसरीकडे जागा नव्हती. मग सनद सांगायचे तशी तंबोऱ्याचीही सांगायला लागले. लबाडी कोणी नाही केली, बाळ. मी साताऱ्याहून लग्न होऊन इकडे आले. तुम्ही सगळ्यांनी सनदेला विचारले, मला कोणी विचारले?’

या उत्तरानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. एका भिंतीवर वर पुरुषांच्या नावाची सनद आणि खाली एका माहेरवाशिणीने मागून आणलेले बापाचे वाद्य; साठ-सत्तर वर्षांत वरच्या कागदाने खालच्या लाकडाची कथा पिऊन टाकली. राजाचे नाव घराला भूषण वाटले, आणि हरिदासाच्या लेकीचे नाव सांगण्यासारखे कोणाला वाटले नाही. असे किती घरांतून झाले असेल! परकरी वयात सासरी आलेल्या मुलींनी आणलेली भांडी, गाणी, लोणच्यांच्या कृती आणि वाद्ये पुढे ‘आमच्या घराण्याची’ म्हणून मिरवली जातात, आणि ज्या घरातून ती आली त्याचे नाव घ्यावयाचे राहून जाते.

साताऱ्यास काकांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विरस होईल अशी मला भीती होती. ते म्हणाले, ‘महाराजांचे आपल्यावर उपकार आहेत, ते सनदेत आहेत. आजीचेही आहेत, ते कशात लिहिलेले नव्हते.’ मग वाटणीच्या यादीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘तंबोरा 1, मिरजेचा, आजीच्या माहेरचा, नातीच्या मुलीस वाजविण्याकरिता’. नात्याची फोड त्यांनी किंचित चुकविली होती, पण ती कोणी दुरुस्त केली नाही. दोन्ही भावांनी सही केली.

महिन्याने आम्ही तंबोरा आणावयास पुन्हा मिरजेस गेलो. नवी तबली घातलेली नव्हती. जुनीच आतून आधार देऊन सरळ केली होती. घोडीची जवारी नव्याने काढली होती. कारागिरांनी तारा जुळविल्या आणि सूत सरकविले, तेव्हा त्या अरुंद खोलीत षड्ज असा भरून राहिला, की रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. पुतणीने तंबोरा उभा धरून कानाशी घेतला. ती गायली नाही. नुसती ऐकत राहिली.

तबली बंद करण्यापूर्वी त्यांनी आम्हांस मुद्दाम निरोप धाडला होता, तो असा, की आतील मोडी कागद काढावयाचा की ठेवावयाचा? आम्ही ठेवावयास सांगितले, आणि आणखी एक विनंती केली. जुन्या कारागिराने आत आपले नाव लिहिले असते, तर आज ते आम्ही आदराने घेतले असते. तेव्हा आपण आपले नाव व तारीख आत लिहावी. ते प्रथम संकोचले. आमच्या गल्लीत काम बोलते, नाव लिहीत नाहीत, असे म्हणाले. पण मग त्यांनी भोपळ्याच्या आत, गुळाच्या हिशेबाशेजारी, शिसपेन्सिलीने आपले नाव, वडिलांचे नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. त्याखाली, आमच्या सांगण्यावरून, पणजीचे माहेरचे नाव लिहिले. ते आत्यांना आठवत होते.